ताईला काय हवं

"ताईच्या घरात तान्हं बाळ आहे," अभिनंदनदादा पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले, "अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस आहे, एक कुत्रं आहे आणि केस काळे करणारं कुणीतरी आहे. ताई उपास पुष्कळ करते, पण फरसाणही पुष्कळ खाते. त्रिशला, पुढचा आलेख लाव."

मी पुढचा आलेख लावला. त्यात ताईचा खर्च निळ्या रेघेने वर वर चढत गेला होता. मुंबईहून आलेले सबनीस साहेब चष्मा कपाळावर सरकवून ती रेघ न्याहाळत होते. त्यांची कंपनी आमच्या पद्मा बझारमध्ये भांडवल घालणार होती, आणि त्याआधी आम्ही किती सुधारलेले आहोत हे त्यांना बघायचं होतं. त्यांच्यासमोर चहा आणि नरसोबाच्या वाडीहून मागवलेली कवठाची बर्फी ठेवली होती. चहा बिनसाखरेचा आहे ना, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"बर्फी घ्या की साहेब, आमच्याकडची खासियत आहे," दादा म्हणाले.

सबनीसांनी बर्फीकडे एकदा मनापासून पाहिलं आणि बशी दूर सरकवली. "डॉक्टर एक वेळ माफ करतील, मिसेस नाही करणार. माझ्या फोनवरचे मेसेजसुद्धा तीच आधी वाचते. तुमच्या ताईबद्दल सांगा."

जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाड आणि मिरज अशी आमची चार दुकानं. चारही ठिकाणची सगळ्या वर्षांची बिलं पुण्याच्या एका कंपनीने एका संगणकात ओतली होती आणि त्यातून कोण काय घेतं, कधी घेतं, पुढे काय घेईल हे शोधून काढलं होतं. दादा याला बिग डेटा म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा आवाज देवळात शिरल्यासारखा व्हायचा. मी कोल्हापूरला संख्याशास्त्र शिकले होते, म्हणून मला डेटा मॅनेजर नेमलं होतं. म्हणजे नेमकं काय, हे जयसिंगपुरात कुणालाच कळत नव्हतं. स्थळं यायची तेव्हा माझी आई 'कॉम्प्युटरवर असते' एवढं सांगून विषय बदलायची.

तर या डेटातून ताई निघाली. चारही दुकानांतली सगळ्यात मोठी ग्राहक. संगणकात तिचं नाव नुसतं 'ताई' असं होतं, आणि गोपनीयतेसाठी तिच्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे तेवढे दिसायचे. ही बाई एकाच सकाळी मिरजेत डायपर घ्यायची आणि कुरुंदवाडला दाढीची पाती. मी सुरुवातीलाच शंका काढली होती. पुण्याची मुलं म्हणाली, एकत्र कुटुंब असेल, सगळे एकच नंबर देत असतील. दादांना हे उत्तर फार आवडलं. आपल्या संस्कृतीचा आणि तंत्रज्ञानाचा असा मिलाफ त्यांनी याआधी पाहिला नव्हता.

मग सगळं ताईसाठी सुरू झालं. ताईला हवा तो साबण, ताईला परवडेल ती पाकिटं. आणि खरं सांगायचं तर विक्री वाढली. फजिती झाली ती पर्युषणात. ताई बटाट्याचे वेफर्स सगळ्यात जास्त पर्युषणातच घेते असं संगणकाने शोधलं आणि वेफर्सचा स्टँड दारात मांडायला सांगितला. आमचं गाव जैनांचं. खुद्द दादा चातुर्मासात बटाट्याला शिवत नाहीत. दुसऱ्या दिवशी बस्तीतली, म्हणजे जैन मंदिरातली, चार वडीलधारी माणसं दुकानात येऊन नुसती उभी राहिली. दादांनी तो स्टँड उचलून मागच्या कोपऱ्यात, धुण्याच्या पावडरीच्या आड नेला. तिथे वेफर्स दुप्पट खपले. याचा अर्थ पुण्याच्या मुलांना लागला नाही, आणि तेव्हा मलाही लागला नाही.

"मला या ताईंना भेटायचंय," सबनीस म्हणाले. "रविवारी तुमचा वर्धापनदिन आहे ना? मी मुद्दाम थांबतो. असा ग्राहक मी आजवर पाहिला नाही."

"आम्ही त्यांचा सत्कारच ठेवलाय," दादा म्हणाले. ते त्यांना त्याच क्षणी सुचलं होतं. "स्कूटर देणार आहोत. त्रिशला, ताईंना शोधून काढ."

जिन्यावरून खाली उतरताना मी नेहमीसारखं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. बाहेर पडायच्या दारापाशी, बिलाच्या टेबलाला लागून, तिथे एक लाकडी खुर्ची असायची. तिच्यावर दादांच्या आई, पद्मावतीकाकी बसायच्या. काकांच्या बरोबरीने त्यांनीच हे दुकान उभं केलं, तेव्हा ते एका खोलीत मावत होतं. काका गेले, दादा पुण्याहून एमबीए करून परत आले, काचेची दारं बसली. मग ग्राहकांची ये-जा सुरळीत व्हावी म्हणून खुर्ची गोदामात गेली आणि काकी घरी गेल्या. आता वर्धापनदिनाच्या दुसऱ्या दिवशी त्या कायमच्या पुण्याला, लेकीच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाणार होत्या. आराम करायला, असं दादा सगळ्यांना सांगत. बोर्डावर नाव तेवढं त्यांचं राहणार होतं.

दुपारी मी परवानगी काढून ताईचा पूर्ण नंबर मिळवला आणि फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली.

"पुन्हा तू?" पलीकडून आवाज आला. "सांगितलं न्हवं, मला कर्ज नको, कार्ड नको. पोरी, तुला दुसरं काम न्हाई का?"

तो आवाज मी ओळखला. "काकी," मी म्हटलं, "मी त्रिशला बोलतेय. दुकानातली."

"अगं बाई. तुला हा नंबर कुणी दिला? हा तर जुना."

"घरी येऊ का?"

"ये की. सामान बांधाय लागलोय, तेवढीच मदत कर."

आमच्याकडच्या त्या पिढीच्या बायका 'आलो-गेलो' असंच म्हणतात.

काकी पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. शेजारी अर्धी भरलेली बॅग होती. ती त्यांनी चार दिवसांपासून अर्धीच ठेवली असावी, कारण वरच्या लुगड्यांवर धूळ होती. दादांनी घेऊन दिलेला मोठा फोन कपाटावर पडला होता आणि हातात बटणांचा जुना फोन होता.

"हे बघ," त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "सकाळी उठलो की पहिलं हे काम. पुसायचं. न्हाईतर भरतंय आणि बंद पडतंय."

धन्यवाद ताई. पद्मा बझारमध्ये पुन्हा या. धन्यवाद ताई. प्रत्येक आभाराखाली घेतलेल्या मालाची यादी होती. मी खाली खाली जात राहिले, आभार काही संपेनात.

"काकी, हे सगळं तुम्ही घेता?"

"मी? मला काय लागतंय, अर्धा किलो साखर." त्या हसल्या. "कॉम्प्युटर आला तवा अभ्यानं सांगितलं, नंबर घातल्याशिवाय बिल न्हाई. आता ती हळबांची सून यायची, गोरं व्हायचं क्रीम घ्यायची. नंबर दिला की मेसेज घरात, सासूच्या हातात. ती बिचारी क्रीम परत ठेवायची. मग मी बिलावरच्या हसीनाला म्हटलं, घाल माझा. नाव काय घालू म्हणाली, म्हटलं घाल काय तरी, ताई घाल. मग तशी लई माणसं निघाली. नवऱ्याला न सांगता माहेरच्या पोराला डायपर घेणारी. केस काळे करणारे गुरुजी. पर्वात वेफर्स घेणारे." इथे त्यांनी मला डोळा घातला. "तुझा बाप पण होता त्यात."

मला हसू आवरेना. आमच्या घरात पर्युषणात कांद्याचं नाव काढलं तरी बाबांना खपत नाही.

"पण शिरोळ, मिरज?"

"तिथल्या पोरी शिकल्या कुठं? हसीनाच्या हाताखालीच न्हवं का? कॉम्प्युटर शिकल्या तशा नंबर पण शिकल्या." काकींनी फोन मिटल्यासारखा मुठीत धरला. "गिऱ्हाइकानं काय घेतलं ते दुकानदारानं तिथंच विसरायचं असतंय, त्रिशला. आमचे हे म्हणायचे, तेवढं जमलं की दुकान चालतंय. आता अभ्याला सगळं लक्षात ठेवायचंय. ठेवू दे."

मग त्या खिडकीकडे बघत हळूच म्हणाल्या, "अकराव्या मजल्यावर मला कोण ओळखणार गं? खाली उतरायचं तर बटण दाबून वाट बघायची. मला न्हाई जायचं. पण सांगू कुणाला? इथं बसून काय करणार आहेस, असं विचारतोय तो. आणि त्याचं पण बरोबर हाय. खुर्ची काढल्यावर मी इथं कोण?"

मला त्यांची फार दया आली, आणि दादांचा रागही. पण नोकरी दादांची होती. संध्याकाळी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि ताई सापडल्याचं सांगितलं. कोण ते सांगितल्यावर दादा बराच वेळ टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत राहिले.

"म्हणजे सगळा डेटा खोटा?"

"खोटा नाही, दादा. माल खरा गेला, बिलं खरी झाली. माणसं नंबर द्यायला तयार नव्हती, एवढंच. ताई म्हणजे ती सगळी माणसं."

"उद्यापासून ओटीपी सुरू कर. ज्याचा फोन त्यालाच आकडा जाईल."

"मग रविवारी सबनीस साहेबांना काय दाखवायचं? ताई संपली की ती निळी रेघही संपते."

भांडवल त्या रेघेवर येणार होतं. दादा उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले. शेवटी एमबीएला शिकवतात त्या आवाजात म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर नंबर जिच्या नावावर आहे तीच ग्राहक. बरोबर?"

"तांत्रिकदृष्ट्या, हो."

"सबनीसांनी आईला पाहिलेलं नाही. सत्कार करायचा, स्कूटरची किल्ली द्यायची, फोटो काढायचा. तिला बोलायला द्यायचं नाही. सोमवारी ती पुण्याला जातेच आहे."

काकींना हे सांगायची कामगिरी माझ्यावर आली. मला वाटलं त्या चिडतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी मालकीण म्हणून न्हाई, गिऱ्हाईक म्हणून यायचं?"

"हो."

"आणि गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते हे लोक देतात?"

"ताईला हवं ते सगळं देतात," मी म्हटलं. "गेली दोन वर्षं तेच चाललंय."

"मग येतो की," काकी म्हणाल्या, आणि बॅगेतून ठेवणीतली इरकल बाहेर काढली.

रविवारी दुकानाच्या वरचा हॉल गच्च भरला होता. सबनीस साहेब पहिल्या रांगेत बसले होते. दादांनी माइक घेतला आणि घाम पुसत म्हणाले, "आता आपल्या सुवर्ण ग्राहक, आपल्या सगळ्यांच्या ताई, यांचा सत्कार." काकी पायऱ्या चढून वर आल्या, आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. गावाला वाटलं, अखेर पोराला शहाणपण सुचलं आणि तो आईचा सत्कार करतोय. टाळ्या थांबेनात. मागे काही बायकांनी डोळ्याला पदर लावला.

सबनीस साहेब पार हेलावून गेले. "एका ग्राहकासाठी एवढं प्रेम," ते माझ्या कानाशी म्हणाले, "हे मी कुठेच पाहिलं नाही." आणि मी काही बोलायच्या आत ते उठून स्टेजवर गेले आणि दादांच्या हातातला माइक त्यांनी काढून घेतला. दादांनी तो सोडायला थोडा वेळ लावला.

"ताई, तुम्ही इथून किती वर्षं खरेदी करता?"

"दुकान उघडलं त्या दिवसापासून."

"दुसरीकडे कधी जावंसं वाटलं नाही?"

"मला न्हाई वाटत," काकी म्हणाल्या. "पण पाठवाय लागलेत."

हॉल हसला. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी फुलांच्या तबकाकडे पाहिलं.

"पाठवणार कोण?" सबनीस म्हणाले. "आम्ही तुम्हाला सोडणार नाही. बरं, तुम्हाला या दुकानात काय कमी वाटतं? अगदी मोकळेपणाने सांगा."

काकींनी लेकाकडे पाहिलं. बघण्यात राग नव्हता. उलट, शाळेत पोराला पहिल्यांदा सोडताना आई बघते तसं त्या बघत होत्या.

"दारापाशी एक खुर्ची होती. ती काढली. ती पाहिजे."

"ग्राहकांना बसायला?"

"न्हाई. त्या खुर्चीवर ओळखीची बाई पाहिजे. आलं गेलं बघणारी. आणि कुणी नंबर देत नसेल तर त्याला सारखं सारखं विचारू नये. माणसाची काय अडचण असते, आपल्याला काय माहीत."

पुन्हा टाळ्या पडल्या, आणि या वेळी त्या पुरुषांच्या बाजूने जास्त पडल्या. पाचव्या रांगेत माझे बाबा फार जोरात टाळ्या वाजवत होते.

सबनीस दादांकडे वळले. "अभिनंदनराव, हे झालंच पाहिजे. तुमचा सगळा डेटा या बाईंवर उभा आहे. त्या म्हणतात ते करायचं नसेल तर मग एवढा खर्च कशाला केलात?"

"करू," दादा म्हणाले.

"कधी करणार?" काकींनी विचारलं.

दादांनी हॉलकडे पाहिलं, सबनीसांकडे पाहिलं आणि मग आईकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम निवल्यासारखा झाला. पुढे पुष्कळ दिवसांनी ते मला म्हणाले, की त्या क्षणी आपण हरलो की सुटलो हे त्यांना कळलं नव्हतं.

"आज," ते म्हणाले.

"मग ती स्कूटर हसीनाला द्या," काकी म्हणाल्या. "ती नांदणीहून एसटीनं येते."

सत्कार संपेपर्यंत गोदामातून खुर्ची आली होती. कुणीतरी ती ओल्या फडक्याने पुसली होती, तरी काकींनी पदराने पुन्हा पुसली आणि बसल्या. हसीनाभाभी बिलाच्या टेबलाशी उभी होती. स्कूटरची किल्ली तिने हातरुमालात गुंडाळून कनवटीला लावली होती. भाभीने नुसता आपला पाण्याचा तांब्या काकींच्या हाताला येईल असा सरकवला, आणि मला एकदम फार बरं वाटलं.

सबनीस साहेब मुंबईला निघायच्या आधी दुकान बघायला खाली आले. सगळीकडे फिरले, बोटांनी पाकिटं उलटसुलट करून पाहिली. आणि मग बिलाच्या टेबलाशी येऊन त्यांनी वर्तमानपत्राखालून एक डबा पुढे सरकवला. कवठाच्या बर्फीचा.

"मोबाइल नंबर सांगा, साहेब," हसीनाभाभी म्हणाली.

"रोख देतो ना."

"रोख द्या, पण नंबर लागतो. त्याशिवाय हे पुढं जात नाही. बिलाचा मेसेज येईल तुम्हाला."

सबनीस साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. मी कोपऱ्यात शाम्पूच्या बाटल्यांपाशी उभी होते. ते डबा परत ठेवायला वळणार, इतक्यात खुर्चीवरून आवाज आला.

"हसीना, घाल माझा."

भाभीची बोटं न बघताच दहा आकड्यांवरून फिरली. पडद्यावर नाव उमटलं: ताई. ते सबनीस साहेबांच्या बाजूनेही दिसत होतं. ते नावाकडे बघत राहिले, मग काकींच्या हातातल्या जुन्या फोनकडे. तो त्याच वेळी वाजला होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हुशार माणूस होता, सगळं त्याच्या लक्षात आलं असणार. आता हा वर जाईल, कागद फाडेल, मी पुन्हा घरी बसून स्थळं बघेन.

त्यांनी डबा बॅगेत अगदी तळाशी ठेवला आणि वर फाइल ठेवली. त्या फाइलमध्येच आमचे आलेख होते.

"आभारी आहे, ताई," ते काकींना म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

पुढच्याच आठवड्यात भांडवल आलं. ओटीपीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पद्मा बझारच्या यशावर सबनीस साहेब ठिकठिकाणी व्याख्यानं द्यायला लागले, आणि त्यात ती निळी रेघ न चुकता दाखवायचे. आढावा घ्यायला ते दर महिन्याला मुंबईहून जातीने यायचे. फोनवरही भागलं असतं.

चार-सहा महिन्यांनी संगणकाने नवी शिफारस काढली. ताईला अलीकडे गोड आवडू लागलं आहे, कवठाची बर्फी दारातच मांडावी. मी तो कागद दादांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, खाली खुर्चीवर बसलेल्या आईकडे काचेतून एकदा पाहिलं, आणि बर्फी मागच्या कोपऱ्यात, धुण्याच्या पावडरीच्या आड मांडायला सांगितली.